अर्धवट सोडलेले गेम, आणि न सोडलेले थोडे

अर्धा_चहा | शनिवार, रात्री ११.४०

परवा बायकोने सहज विचारलं, "एवढे गेम घेऊन ठेवलेस, त्यातले संपवलेस किती?" मोजायला बसलो. घेतलेले ६१, शेवटपर्यंत नेलेले १४. उरलेल्या ४७ पैकी ९ तर उघडलेसुद्धा नाहीत. दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्त दिसले म्हणून उचलले, आता लग्नात आलेल्या लेमन सेटसारखे पडून आहेत.

तर हा धागा मधल्या ३८ बद्दल, आणि संपवलेल्यांपैकी थोड्यांबद्दल. परीक्षण वगैरे नाही. वय ४१, नोकरी, एक मुलगी, आणि खेळायला मिळतो तो ती झोपल्यावरचा सव्वा तास. त्या सव्वा तासाच्या हिशेबाने लिहितोय. ज्यांची दैवतं यात दुखावतील त्यांनी हलके घ्यावे.

विचर ३ (२०१५) पासून सुरुवात करतो, म्हणजे जो काही मार पडायचा तो आधीच पडेल. त्यातल्या ब्लडी बॅरनच्या प्रकरणाइतकं चांगलं लिहिलेलं मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेलं नाही. दारुडा, बायकोवर हात टाकणारा सरदार. त्याचा संताप येतो, मग कीव येते, आणि शेवटी आपण काहीही ठरवलं तरी घास घशात अडकतोच. इथपर्यंत दंडवत. मग तुम्ही स्केलिगेच्या बेटांवर पोचता, नकाशा उघडता, आणि समुद्रभर प्रश्नचिन्हं! होडी घेऊन एकेकापाशी जा, डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या पंखवाल्या बायांशी भांडा, बुडी मारा, पेटी उघडा, आत निघालेली तलवार पुढच्या गावात विका. मित्र म्हणतो, "मग करू नकोस ना." अरे, नकाशावर खूण दिसली की मला चैन पडत नाही, ताटात टाकायचं नाही हे संस्कार. अकरा चिन्हं पुसली आणि बाराव्याला गेम बंद केला तो आजतागायत. पत्त्यांचा ग्वेंट मात्र मनसोक्त खेळलो. हरवलेल्या मुलीचा शोध राहिला बाजूला, आमचा नायक खानावळीत पत्ते कुटतोय.

असॅसिन्स क्रीड ओडिसी (२०१८): ग्रीस बघून डोळे निवतात. पण पुढच्या कामगिरीला आपली पातळी कमी पडते, म्हणून मधली फुटकळ कामं करत बसायचं. आणि गेममधल्याच दुकानात बघतो तर पातळी भराभर वाढवायची सोय रोख पैशात विकायला ठेवलेली. आधी कंटाळा विकायचा, मग कंटाळ्यावरचा उतारा. तीस तासांनी हात जोडले.

आता उलटं. रेड डेड रिडेम्प्शन २ (२०१८) ला लोक रटाळ म्हणतात, मी तो संपवला. चार महिने लागले. त्यातला नायक आर्थर मॉर्गन कपाट उघडून एकेक डबा हाताने उचलतो, घोड्याला खरारा करतो, शेकोटीपाशी कॉफी घेतो. मला ते आवडलं. रात्री सव्वा तासात कित्येकदा नुसता घोड्यावरून फिरून, एखादा मासा धरून झोपलो. तक्रार एकच: एरवी वाटेल तिथे भटकू देणारा हा गेम कामगिरी सुरू झाली की शाळेतल्या पीटीच्या सरांसारखा वागतो. सांगितलेल्या वाटेवरून चार पावलं बाजूला गेलात की नापास.

एल्डन रिंग (२०२२). गुहेतून उजेडात येतो न येतो तोच समोर सोनेरी घोडेस्वार. त्याने मला किती वेळा झोपवलं ते सांगत नाही. पुढे किल्ल्याच्या तोंडाशी वाट अडवणारा मार्गिट. तो काठी उगारतो आणि उगारलेलीच ठेवतो. मी घाबरून लोळण घेतो, उठतो, आणि मग तो सावकाश मारतो. ३४ वेळा मेलो. इथे रागावून सोडला नाही, थकून सोडला. फरक आहे. परत जाईन असं अजून वाटतं.

बायकोबरोबर इट टेक्स टू (२०२१) पूर्ण केला. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं बाहुल्या होऊन बसतं, आणि दोघांनी मिळून खेळल्याशिवाय एक पाऊल पुढे जात नाही. बायकोने त्याआधी कंट्रोलर हातात धरलेला नव्हता. पहिले दोन दिवस तिची बाहुली आकाशाकडे बघत चालायची, कारण एका अंगठ्याने चालायचं आणि दुसऱ्याने मान वळवायची हे जन्मतः येत नाही, शिकावं लागतं. तिसऱ्या दिवशी ती मला ओरडायला लागली, "उडी मार ना, वाट कसली बघतोस!" पण त्यातला हत्तीणीचा प्रसंग... ज्यांनी खेळलाय त्यांना कळेल. तिने कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि दोन दिवस त्या गेमचं नाव काढलं नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी (२०२०) आपल्या गावचा म्हणून घेतला, तरी खरं तेच लिहितो. दिसायला देखणा, मधली गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या, तीही छान. मारामारी मात्र चौथ्या दालनानंतर तीच ती. आणि शेवट? शेवट नाहीच. पाच तासांत संपतो आणि पुढच्या भागाचं गाजर दाखवून पडदा पडतो. तरीही १४ मध्ये आहे, पाच तासच मागितले म्हणून.

आणि या सगळ्यांच्या आधीचा, मामाच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवरचा प्रिन्स ऑफ पर्शिया. १९८९ चा गेम, आमच्यापर्यंत पोचायला १९९५ उजाडलं. बारा मजले, साठ मिनिटं, घड्याळ थांबत नाही. तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं, म्हणून तो राजपुत्र धावताना माणसासारखा धापावतो, कठड्याला लोंबकळतो. चौथ्या मजल्यावर आरशातून त्याचीच सावली बाहेर पडते, पाचव्यावर ती आपल्या वाट्याचं औषध पिऊन टाकते, आणि शेवटी तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारलं की आपणच मरतो. मी आणि मामेभाऊ अख्खी सुट्टी त्यात घालवली. एके दिवशी चुकून भलतंच बटण दाबलं गेलं, तलवार म्यान झाली, समोरच्या सावलीनेही म्यान केली. आम्ही दोघं खुर्चीवरून उठून उभे राहिलो.

गेम अवघड असला तरी मी सोडत नाही. तो मला कारकुनी करायला लावतो तेव्हा सोडतो. हे माझं मत, आता सोला.

ठोंब्या | शनिवार, रात्री ११.५२

विचर सोडला?? धागा वाचणे येथेच थांबवले आहे.

(वाचला सगळा. लेमन सेट, हाहा.)

कोल्हापुरी_भडंग | रविवार, सकाळी ९.१५

भावा, मार्गिटला लगेच भिडायला तुला सांगितलं कुणी? त्या गेमची सगळी गंमत हीच की नाही जमत तर दुसरीकडं जा. दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला आख्खा पडलाय, तिथं चार दिवस काढ, अंगात ताकद आण. आधी घोडा मिळव, मग रात्री एल्लेच्या पडक्या चर्चमध्ये जा. तिथं बसलेली बाई एक घंटा देती आणि तीन लांडगे देती. मार्गिटसमोर लांडगे सोड, तो त्यांच्यामागं लागला की तू मागनं हाण. आणखी सोपं पाहिजे तर मर्कवॉटरच्या गुहेत पॅचेस नावाचा एक भामटा हाय. त्याला मारू नको, हात वर करू दे, मग तोच दुकान मांडतो. ५००० रूनला एक बेडी विकतो, ती वापरली की मार्गिट काही क्षण जमिनीला खिळतो.

अन् लोळण मागं नाही घ्यायची, त्याच्या अंगावर घ्यायची. ३४ काय घेऊन बसलास, सेकिरोमध्ये एका म्हाताऱ्यासमोर मी दोन आठवडे नाक घासलंय.

अर्धा_चहा | रविवार, सकाळी १०.०५

@कोल्हापुरी_भडंग, घंटेचं मला कुणी सांगितलंच नाही! हाच तर वाद आहे. सांगायला नको का?

कोल्हापुरी_भडंग | रविवार, सकाळी १०.११

सांगितलं की. मी. आत्ता. त्या गेममध्ये लोक जमिनीवर एकमेकांना चिठ्ठ्या लिहून ठेवतात तसंच.

सह्यवेडा | रविवार, दुपारी १.३०

धागा आवडला. अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी (२०१७) खेळलात का? भारतात घडतो, एका प्रकरणाचं नावच पश्चिम घाट. गेली २२ वर्षं घाटात पायपीट करतोय म्हणून चिरफाड करायच्या तयारीनेच बसलो होतो. होयसळांची राजधानी शोधायची, गणपतीचा सुळा शोधायचा अशी कथा. ती राजधानी, हळेबीड, खऱ्या आयुष्यात कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात, घाटाच्या पूर्वेला पठारावर आहे. गेममध्ये ते दरीखोऱ्यांत आणि धबधब्यांच्या मागे नेऊन ठेवलंय. मूर्ती दहा-दहा मजल्यांच्या. खरं होयसळ शिल्प याच्या बरोबर उलट. मऊ दगडात इतकं बारीक कोरलेलं की दागिन्यातले मणी मोजून घ्यावेत. बेलूरला जाऊन नाक भिंतीला लावून बघायची गोष्ट आहे ती. इथे दुर्बीण लावून बघायची केलीय.

शिवाय घाटात एवढा वेळ फिरून एक जळू नाही! ओल्या गवतातून बाई अर्ध्या बाहीचा शर्ट घालून चाललीय, खुशाल.

पण कबूल करतो, चिखलाच्या चढावर जीप घसरते आणि पुढे दोर बांधून ती ओढून घ्यावी लागते, तिथे मला ताम्हिणी आठवला. ढग उतरून समोरची दरी पुसली जाते, तेही जमलंय. आठ-नऊ तासांत संपतो, धागाकर्त्याच्या सव्वा तासाला बरा.

चाळकरी_नंबर_७ | रविवार, दुपारी २.२०

घाट झाला तर मुंबई का राहावी? हिटमॅन २ (२०१८) मधली मुंबई बघा. तिघांना मारायचं, त्यातल्या एकाचा चेहराच माहीत नाही, तो गर्दीतून आधी ओळखायचा. धोबीघाट आहे, अर्धवट बांधलेला टॉवर आहे, त्यात सिनेमावाल्या बिल्डरचं ऑफिस आहे. गंमत म्हणजे दुसराच एक भाडोत्री नेमबाज तिथे आधीपासून येऊन बसलाय. सावजाला त्याच्या टप्प्यात आणून सोडायचं, तुमचे हात कोरडे. खेळ म्हणून पहिल्या नंबरचा. पण माझ्या कानावर मराठीचा एक शब्द पडला नाही. गिरगावात वाढलो, मुंबईत एवढ्या माणसांना धक्के मारले आणि कुणी "ओ, दिसत नाय काय" म्हणालं नाही, तेव्हाच कळलं की ही मुंबई नव्हे.

निफाडकर_द्राक्षवाला | रविवार, संध्याकाळी ७.४५

शेतीचा गेम कुणी काढलाच नाही, म्हणून मी काढतो. पुतणीने स्टारड्यू व्हॅली लावून दिला. एका माणसाने चार-साडेचार वर्षं एकट्याने बसून बनवला म्हणे, चित्रं-संगीत सगळं. त्याला सलाम. आता शेतकऱ्याचं मत ऐका.

पारसनिप नावाचा पांढरा गाजरासारखा कंद लावायचा. बी २० ला, चार दिवसांत पीक तयार, विक्री ३५ ला. आज ३५, उद्या ३५, शंभर काढले तरी ३५! भाव पडतच नाही. रात्री पेटीत माल टाकायचा, सकाळी पैसे जमा. आडत नाही, हमाली-तोलाई नाही, व्यापाऱ्याच्या मागे फिरणं नाही. कावळे पीक खातात, पण एक बुजगावणं उभं केलं की तेही गुमान. अवकाळी नाही, गारपीट नाही, डाऊनीचा रोग नाही. राक्षस-ड्रॅगनवाले गेम खेळलो त्यांच्यावर माझा जास्त विश्वास बसला.

एकच गोष्ट खरी वाटली. बियाण्याचं दुकान बुधवारी बंद असतं आणि आपल्याला आठवण होते ती बुधवारीच.

दोन वर्षं झाली, रोज रात्री खेळतो.

अर्धा_चहा | रविवार, रात्री १०.५०

@निफाडकर_द्राक्षवाला, तुम्ही माझ्या सिद्धांताचा बाजार उठवलात. स्टारड्यू म्हणजे अथपासून इतिपर्यंत कारकुनीच. पाणी घाल, कोंबड्या गोंजार, पेटीत माल टाक. आणि मुलगी आणि बायको त्यावर पडीक असतात. मी सोडला होता, कारण त्यातला दिवस चौदा मिनिटांत संपतो आणि रात्री दोनला माणूस जिथे असेल तिथे कोसळतो. मला ऑफिसची आठवण यायची.

निफाडकर_द्राक्षवाला | रविवार, रात्री ११.०२

काम करून दमायला होतं हे खोटं आहे. काम करून पदरात काय पडेल ते माहीत नसलं की दमायला होतं. तिथे ३५ म्हणजे ३५.

सेवानिवृत्त_६४ | सोमवार, सकाळी ६.३०

मंडळी, आमचा एकच गेम, एज ऑफ एम्पायर्स २. ऑफिसातल्या पोराने २००१ साली लावून दिला, तेव्हापासून. त्यात शेतं ठरावीक धान्य दिलं की संपायची, आणि प्रत्येक वेळी हाताने पुन्हा पेरायला लागायची. ऐन लढाईत "शेत संपलं" असं कळायचं. कॉन्करर्स या पहिल्या भरीत गिरणीवर आगाऊ पेरणीची सोय आली, २०१९ च्या नव्या आवृत्तीत तर शेत आपोआप पेरलं जातं. नातू म्हणतो सुधारणा. मला वाटतं माझी अर्धी नोकरी गेली.

२०२२ मध्ये भारतावरची भर आली: बंगाली, द्रविड, गुर्जर. मराठे नाहीत म्हणून नातू चिडला. त्याला समजावलं, बाबा, या गेमचा काळ साधारण सोळाव्या शतकाशी थांबतो, महाराजांचा जन्म १६३० चा. तरी घुश्शातच आहे.

दोन_पिल्लं | सोमवार, दुपारी ३.१०

काका, तुमची पोस्ट वाचून हसले. इथे जाणकार आहेत तर विचारते. मुलगा १२ वर्षांचा. मोबाईलवरचा एक नेमबाजीचा गेम, नाव घेत नाही. फुकट आहे म्हणून लावू दिला. गेल्या महिन्यात माझ्या खात्यातून १८०० रुपये गेले, कशाला तर बाहुल्याच्या जाकिटाला! रागावले, तो रडला, मग मलाच वाईट वाटलं. पूर्ण बंद करू का?

कोल्हापुरी_भडंग | सोमवार, दुपारी ३.४०

ताई, आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, अन् तो पासवर्ड पोराच्या वाढदिवसाची तारीख ठेवू नका.

टोरांटोची_मनी | सोमवार, संध्याकाळी ५.१५

@दोन_पिल्लं, बंद करण्यापेक्षा एकदाच पैसे देऊन घ्यायचे गेम द्या, ज्यात आत दुकान नसतं. आणि शेजारी बसा. आम्ही मुलीबरोबर वेन्बा (२०२३) खेळलो. इथलाच, टोरांटोच्या छोट्या चमूचा. १९८८ मध्ये कॅनडात आलेलं तमिळ कुटुंब, आईची डागाळलेली, फाटकी पाककृतीची वही, आणि पुसलेल्या ओळी अंदाजाने भरून इडली-पुट्टू-बिर्याणी करायची. जेमतेम दीड तासाचा. त्यातला मुलगा मोठा होतो तसा आईशी इंग्रजीत बोलायला लागतो, आणि आईला त्याचं बोलणं पुरतं कळेनासं होतं. माझी लेक मध्येच थांबून म्हणाली, "आई, मी असं करते?" मी म्हटलं, इडलीपात्रात पाणी घाल आधी.

गेम म्हणून पाहाल तर कोडी सोपी आहेत, कस लागत नाही. किंमत वेळेच्या मानाने जास्त वाटू शकते. माझ्याकडे मात्र आजीची वही आहे, तिच्यात "अंदाजे मीठ" याखेरीज प्रमाणच नाही, त्यामुळे मी तटस्थ नाही.

सह्यवेडा | मंगळवार, सकाळी ८.००

धागाकर्ते, प्रिन्सवर एवढं लिहिलंत तर २०२४ चा द लॉस्ट क्राउनही घ्या. नकाशात न सुटलेल्या जागेचा फोटो त्याच जागी टाचून ठेवता येतो, म्हणजे "इथे दार होतं, पुन्हा येऊ" हे लक्षात ठेवायला नको. सव्वा तासवाल्यांना वरदान. याच प्रिन्सच्या जुन्या सँड्स ऑफ टाइम गेमचं नवं रूप २०२० मध्ये जाहीर झालं तेव्हा काम पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं, २०२२ मध्ये ते माँट्रियलला गेलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर सुतक होतं.

अर्धा_चहा | बुधवार, रात्री १२.२५

मार्गिट पडला.

४१ व्या वेळी. लांडगे दोन मिनिटांत गेले, बेडी दोनदा वापरली, शेवटचा वार नुसता डोळे मिटून. मुलगी उठेल म्हणून ओरडता येईना, उशीत तोंड घालून ओरडलो. @कोल्हापुरी_भडंग, भडंग कुठे पाठवू?

कोल्हापुरी_भडंग | बुधवार, सकाळी ७.५०

कोल्हापूरला भडंग पाठवणार व्हय! आता किल्ल्यात शिर. समोरचं दार उघडून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नको, डाव्या अंगानं जा.

इचलकरंजीची_सुमन | बुधवार, दुपारी १२.४०

एवढे मोठे गेम मला माहीत नाहीत. माळा साफ करताना आमचा जुना टीव्ही गेम सापडला, ९९९९ इन १ ची कॅसेट (खरे सात-आठच, बाकी तेच तेच), आणि ती बंदूक. फुंकर मारून कॅसेट चालू झाली! मारिओ चालतो, काँट्रा चालतो. काँट्राच्या धबधब्यात भाऊ अजूनही मला खाली सोडून वर पळतो आणि मी मरते. पण बदकांच्या शिकारीच्या गेममध्ये बंदूक लागतच नाही. एकही बदक नाही. त्यातला तो कुत्रा हसतोय नुसता. बंदूक बिघडली का?

चाळकरी_नंबर_७ | बुधवार, दुपारी १.०५

बंदूक ठणठणीत असेल, टीव्ही नवा आहे. ती बंदूक काही सोडत नाही, ती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला की बदक पडलं. आधी काळा का, तर पोरं बल्बवर बंदूक रोखून लबाडी करतील म्हणून. हे सगळं जुन्या काचेच्या डब्बा टीव्हीच्या वेगाशी जुळवलेलं. सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं.

इचलकरंजीची_सुमन | बुधवार, दुपारी १.२०

म्हणजे तीस वर्षं मी त्या कुत्र्यावरही गोळ्या झाडल्या, त्या लागत का नव्हत्या?

चाळकरी_नंबर_७ | बुधवार, दुपारी १.२२

कुत्र्याच्या जागी चौकोन येतच नाही हो.

इचलकरंजीची_सुमन | बुधवार, दुपारी १.३०

अन्याय आहे. डब्बा टीव्ही त्याच माळ्यावर आहे, पण उतरवायला तीन माणसं लागतील.

अर्धा_चहा | बुधवार, दुपारी १.४१

मी आणि भडंग, दोन झाले. निफाडकर, रविवारी मोकळे आहात का?